सेक्शनल वॉटर ट्यूब बॉयलर कागदावर कसा मांडायचा : नवीन पोरांसाठी, कोल्हापुरातनं

आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून शिरोली, गोकुळ शिरगावला कामाला लागलेली पोरं बॉयलरचं ड्रॉइंग हातात पडलं की पहिल्यांदा विचारतात, सर भट्टी केवढी घ्यायची. भट्टी नंतर बघू म्हणतो, आधी पाणी कुठनं खाली उतरणार आणि कुठनं वर चढणार ते बोट ठेवून दाखव. मग गप्प.

गुऱ्हाळ बघितलंय ना? काहिलीतला रस तळाला लागू नये म्हणून गुळव्या उभा राहून हलवत असतोय. हलवायचा थांबला की तळाला करपलंच. बॉयलरमध्ये हलवायला माणूस नाही, ते काम पाण्यानं स्वतःच स्वतःच्या वजनावर करायचं असतंय, आणि वॉटर ट्यूब बॉयलरचं सगळं डिझाइन म्हंजे त्या पाण्याला फिरायची वाट करून देणं. एवढं डोक्यात धरून पुढं वाचा, कारण खाली प्रत्येक पायरीला हेच परत येणार आहे.

आता 'सेक्शनल' म्हंजे काय. स्मोक ट्यूब बॉयलरमध्ये मोठा शेल (पत्र्याची गोल टाकी) असतो, शेलमध्ये पाणी आणि नळ्यांतनं धूर. वॉटर ट्यूबमध्ये उलटं, नळ्यांत पाणी आणि बाहेरनं जाळ. सेक्शनलमध्ये ह्या नळ्यांचे उभे उभे गट पाडलेले असतात, म्हणजे एका गटाला पुढं एक हेडर (नळ्यांची टोकं जिथं एकत्र येतात ती उभी पेटी), मागं एक हेडर, मधे एकाखाली एक नळ्या, हा झाला एक सेक्शन. असे पाहिजे तेवढे सेक्शन शेजारी शेजारी उभे करायचे आणि सगळे वरच्या ड्रमला जोडायचे. अमेरिकेत स्टीफन विलकॉक्सनं तिरक्या नळ्यांचं पेटंट १८५६ साली घेतलं, मग जॉर्ज बॅबकॉक आणि विलकॉक्स दोघांनी मिळून १८६७ ला सेक्शनलचं घेतलं, आणि एडिसननं न्यूयॉर्कात पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र १८८२ ला चालू केलं तिथंही ह्यांचेच बॉयलर होते. म्हणजे आपल्या शाहू मिलच्याही (१९०६) आधीची गोष्ट.

ही भानगड कशासाठी केली ते एका हिशोबानं कळतंय. ७ किलो प्रेशरला (आपल्याकडं सगळे किलोच म्हणतात, म्हंजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) बॉयलरमधलं पाणी साधारण १७० डिग्रीला असतं. शेल फाटला तर ते पाणी एकदम १०० डिग्रीला यायला बघतं आणि जादाची उष्णता वाफ करण्यात जाते. १ टन पाण्यातनं साधारण १३० किलो वाफ त्याच क्षणी सुटते, आणि ती बाहेरच्या हवेत २०० घनमीटरच्या वर जागा मागते. शेड राहत नाही. तेच पाणी ४ इंची नळ्यांत वाटून ठेवलं आणि एक नळी फुटली, तर त्या भोकातनं निघायला वेळ लागतो, आवाज होतो, भट्टी विझते, माणसाला पळायला सवड मिळते. पूर्ण सुरक्षित असं काही नसतंय, ड्रम आहेच की वर, पण फरक मोठा आहे.

पहिली पायरी : वाफ किती पाहिजे ते आधी काढा

मालक सांगतो "एक टनाचा द्या", म्हंजे तासाला एक टन वाफ देणारा. कुठनं आला एक टन? शेजाऱ्याचा एक टनाचा आहे म्हणून. बसून हिशोब करा. १०० लिटर पाणी ३० वरनं ६० डिग्रीला न्यायचं तर ३००० किलोकॅलरी लागतात, वाफेत लिहायचं तर साधारण ६ किलो. हॉटेल, हॉस्टेल, डेअरीचं पाणी तापवायचं काम असं सुटतं. इचलकरंजीच्या सायझिंगला (सुताला खळ लावून वाफेच्या सिलिंडरवर सुकवतात तिथं) सिलिंडर किती, सूत किती ओलं, त्यावरनं निघतंय. सगळी मशिनं एकदम चालू होतात का हेही विचारा, सकाळी चालू करतानाचा लोड सगळ्यात जास्त असतो.

धरा खरोखर तासाला १००० किलो वाफ लागते, ७ किलोला. त्या वाफेच्या एका किलोत साधारण ६६१ किलोकॅलरी असतात. पाणी टाकीतनं ३० डिग्रीनं येत असेल तर ३० आधीच त्यात आहेत, म्हंजे आपण ६३१ घालायच्या. तासाला ६ लाख ३१ हजार किलोकॅलरी. कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी) परत आणून फीड वॉटर, म्हंजे बॉयलरला घालायचं पाणी, ८० ला नेलं तर ५० वाचतात, म्हंजे ८ टक्के जळण वाचलं, बॉयलरला हात न लावता. हे सांगितलं की मालक पाइपलाइनच्या खर्चाचं विचारतो आणि विषय बदलतो, पण तुम्ही सांगून ठेवा.

एक बारीक गोष्ट : कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं उघड्या टाकीत पाणी इथं ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. फीड टाकी लई गरम ठेवली आणि पंप टाकीच्या बरोबरीला बसवला की पंप वाफ ओढतो आणि पाणी उचलत नाही. टाकी उंचावर, पंप खाली.

दुसरी पायरी : नळ्या मोजा

जुना नियम असा की बॉयलर हॉर्सपॉवरमागं (बॉयलरची ताकद मोजायचं जुनं माप) १० चौरस फूट हीटिंग सरफेस, म्हंजे जाळ-धूर लागणारा पृष्ठभाग. आपल्या मापात एका चौरस मीटरवर तासाला साधारण १६.८ किलो वाफ, तीही १०० डिग्रीच्या पाण्यापासनं १०० डिग्रीची. आपल्याला ३० डिग्रीच्या पाण्यापासनं ७ किलोची पाहिजे, म्हणून ६३१ ला ५३९ नं भागायचं, १.१७ येतं. १००० किलोचे ११७० झाले, त्याला १६.८ नं भागलं की ७० चौरस मीटर. फॅन लावून जोरात जाळलं तर ह्यापेक्षा जास्त काढता येतंय आणि आजकाल काढतात पण, पण पहिलं डिझाइन करताना ओढाताण करू नका.

४ इंची म्हंजे १०२ मिमीची नळी, लांबी ३.०५ मीटर (१० फूट) घेतली तर बाहेरचा पृष्ठभाग ०.९७ चौरस मीटर. ७० ला ह्यानं भागा, ७२ नळ्या. ९ नळ्यांचा एक सेक्शन धरला तर ८ सेक्शन. झाली की मांडणी! ड्रमचा खालचा थोडा भाग पण तापतो, तो वरचा बोनस समजा, हिशोबात धरू नका.

जाडीचं बघा, इथं पोरांचे डोळे उघडतात. ढोबळ सूत्र आहे : दाब गुणिले व्यास, भागिले दोनदा सोसणारा ताण. डिझाइन १० किलोचं धरा, स्टीलला १००० किलो दर चौरस सेंटिमीटर सोसायला लावा. १०२ मिमीच्या नळीला जाडी निघते ०.५१ मिमी. अर्धा मिमी! ९०० च्या ड्रमला साडेचार, आणि २ मीटरच्या शेलला १० मिमी. व्यास वाढला की जाडी वाढलीच. प्रत्यक्षात नळी ८ गेजची, ४ मिमीच्या आसपास घेतो, कारण गंज खातो, टोकाला रोलिंग करायला (टोक आतनं फुगवून भोकात घट्ट बसवायला) मांस पाहिजे, आणि ड्रमला भोकं पाडल्यावर मधे उरलेली पट्टी कमजोर होते म्हणून तिथं पण वाढवावी लागते. खरी जाडी इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सच्या सूत्रानंच काढायची, वरचं फक्त समजण्यासाठी.

तिसरी पायरी : पाण्याची वाट

नळ्या आडव्या ठेवायच्या नाहीत. पुढचं टोक वर, मागचं खाली, उतार १५ डिग्री. ३.०५ मीटरला जवळजवळ ८० सेंटिमीटर उंची पडते. जाळ पुढच्या बाजूला खाली. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पाणी आणि वाफ मिळून हलकं होतं, पुढं वर सरकतं, पुढच्या हेडरमधनं ड्रममध्ये जातं, तिथं वाफ वर राहते आणि पाणी ड्रमच्या मागच्या टोकाकडनं मागच्या हेडरमध्ये खाली उतरतं, परत नळ्यांत. रहाटगाडगं.

ह्याला ढकलतं कोण? फक्त वजनातला फरक. १७० डिग्रीचं पाणी घनमीटरला ८९७ किलो, वाफ ४ किलो. पुढच्या बाजूच्या मिश्रणाचं समजा ७०० पडलं, तर २.५ मीटर उंचीला फरक साधारण ०.०५ किलो दर चौरस सेंटिमीटर. बास. एवढ्याशा ढकलण्यावर पूर्ण बॉयलर जगतोय. म्हणून हेडर ड्रमला जोडणाऱ्या निपल (आखूड जोडनळ्या) बारीक केल्या, वाटेत वळणं वाढवली, नळीत क्षार बसला, मागच्या हेडरला पण जाळ लागू दिला, तर पाणी अडखळतं. जिथं अडखळलं तिथं वाफेचा फुगा थांबला, लोखंडाला पाणी लागेना, लोखंड लाल, नळी फुगली. मागचं हेडर थंड बाजूला ठेवायचं ते ह्याच कारणानं.

हेडर सरळ चौकोनी पाइप नसतो, नागमोडी असतो. त्यामुळं एका ओळीतल्या नळ्या खालच्या ओळीच्या फटीवर येतात आणि धुराला सरळ निसटून जायला वाट सापडत नाही. कमी दाबाला पूर्वी कास्ट आयर्नची हेडरं चालायची, दाब वाढला तशी फोर्ज्ड स्टीलची आली. हेडरमध्ये प्रत्येक नळीच्या समोर एक हँडहोल असतं, त्यातनं नळी साफ करायची, रोल करायची, बदलायची. आपल्या ७२ नळ्यांना दोन्ही बाजू मिळून १४४ टोकं, १४४ हँडहोल, १४४ गॅस्केट. हाच ह्या बॉयलरचा मोठा गुण आणि हाच मोठा ताप. साखर कारखान्यांतले आताचे मोठे को-जनचे (वाफेबरोबर वीजही काढतात ते) बॉयलर ६७, ८७, ११० किलोचे असतात, तिथं असली जोडाजोड चालतच नाही, वाकवलेल्या नळ्या आणि वेल्डिंग. आणि खरं सांगायचं तर एक टनाला स्वच्छ इंधनावर आज कुणीही तयार पॅकेज स्मोक ट्यूबच घेईल. सेक्शनल कधी? जागा अडचणीची, अख्खा बॉयलर आत जात नाही आणि तुकडे करून न्यायचा आहे, किंवा जळण घाण आहे आणि नळ्या सारख्या साफ कराव्या लागणार. आणि शिकायला, ह्याच्यासारखा दुसरा नाही, सगळं उघडं दिसतंय.

मागच्या हेडरांच्या खाली आडवा मड ड्रम, गाळ तिथं बसतो, ब्लोडाऊन (गाळ-क्षाराचं पाणी बाहेर सोडणं) तिथनंच.

ड्रमचा व्यास ९०० का, ६०० का नाही? लांबी ४ मीटर, पाणी निम्म्यावर धरलं तर पातळी १० सेंटिमीटर खाली जायला पूर्ण लोडवर १८-२० मिनिटं लागतात. फीड पंप बंद पडला, बॉयलरमन चहाला गेलाय, तर तेवढा वेळ हातात आहे. व्यास कमी केला की पत्रा वाचतो आणि हा वेळ पण जातो. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग कमी झाला की वाफेबरोबर पाणी उडतं.

चौथी पायरी : जाळ, वीट आणि टांगणं

सेक्शन १८० मिमीच्या सेंटरनं घेतले तर ८ सेक्शनची रुंदी दीड मीटरच्या आत बसते, तीच भट्टीची रुंदी. बऱ्यापैकी वाळलेलं लाकूड किलोला ३५०० किलोकॅलरी देतं, ७० टक्के एफिशियन्सी धरली तर तासाला साधारण २५० किलो जळण. २ चौरस मीटरची जाळी त्याला आरामात पुरते. कारखान्याचा ५० टक्के ओला बगॅस असेल तर २२५० च्या आसपासच मिळतात, एफिशियन्सी पण खाली येते, आणि जळण ४०० किलोच्या वर जातं, शिवाय भट्टी उंच पाहिजे कारण तो हवेत जळतो. गुऱ्हाळाचं उन्हात वाळवलेलं चिपाड वेगळं आणि बगॅस वेगळा, मालक दोन्हीला चोथाच म्हणतो, तुम्ही नमुना बघितल्याशिवाय आकडा लिहू नका.

नळ्यांच्या मधे फायरब्रिकच्या आडभिंती घालून धूर तीनदा फिरवायचा, पुढं वर, मधे खाली, मागं वर, मग चिमणी. आडभिंतीची एक वीट पडली की धूर शॉर्टकट मारतो. चिमणीचं तापमान एकाएकी वाढलं तर आधी तिथं बघा.

वीटकामावर बॉयलर टेकवायचा नाही! ड्रम लोखंडी खांब-गर्डरवर टांगायचा, हेडरं ड्रमला लोंबतात, मड ड्रम सगळ्यात खाली मोकळा. ३ मीटरची नळी ३० वरनं १७० ला गेली की ५ मिमी वाढते. भिंतीत घट्ट बसवली तर एकतर भिंत फुटेल नाहीतर रोल केलेलं टोक सुटेल. भिंत आणि लोखंड ह्यांच्यामधे फट, त्यात उष्णता सोसणारी दोरी भरायची.

पाचवी पायरी : नळी रोल करणं

ही हातानं शिकायची गोष्ट. भोक आणि नळीचं टोक दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत, तेल-गंज काही नको. नळी हेडरच्या आत थोडी बाहेर आलेली पाहिजे. एक्सपांडर (नळी आतनं फुगवायचं हत्यार) आत घालून फिरवायला लागलं की आधी हलका जातो, मग नळी भोकाला टेकली की जड होतो, त्यानंतर अजून थोडंच. नवीन पोरगं इथं ताकद लावतं. जास्त रोल केली की भिंत पातळ होते, शेजारचं भोक पण वाकडं होतं, आणि हायड्रोला (पाणी भरून दाब देऊन घेतात ती चाचणी) ती नाही तर शेजारची गळते. शेवटी टोक फुलवायचं, भोंग्यासारखं, म्हंजे नळी ओढली तरी निसटणार नाही. माझ्या उस्तादांनी पहिले दोन आठवडे मला फक्त भंगारातल्या प्लेटवर तुकडे रोल करायला लावलं होतं, तेव्हा राग यायचा.

सहावी पायरी : पाणी, परत पाणी

इथं मी थोडा जास्त बोलणार. स्मोक ट्यूबमध्ये क्षार नळीच्या बाहेर बसतो, वॉटर ट्यूबमध्ये आत, आणि बाहेरनं जाळ. पंचगंगेचं पाणी त्यामानानं बरं, पण बोअरचं घेतलं की हार्डनेस, म्हंजे थर धरणारे क्षार. सॉफ्टनर (हार्डनेस काढणारं, मिठावर चालणारं यंत्र) पाहिजेच, फीडला हार्डनेस ५ पीपीएमच्या आत. बॉयलरमधल्या पाण्याचा पीएच १०.५ ते ११.५.

ब्लोडाऊन किती मारायचा? फीडचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) समजा २००, आत २५०० पर्यंत चालू द्यायचा ठरवलं. २०० ला (२५०० वजा २००) नं भागा, ८.७ टक्के. बॉयलरमननं "रोज दोनदा मारतो की" म्हणणं म्हंजे उत्तर नव्हे.

एकदा एका सायझिंगवाल्याकडनं फोन आला, भट्टीतनं फुसफुस आवाज येतोय. गेलो, थंड होऊ दिला, आत शिरलो तर सगळ्यात खालच्या ओळीत, डावीकडनं तिसऱ्या नळीला लिंबाएवढा फुगा आणि त्याच्या टोकाला केसाएवढी चीर. हँडहोल उघडलं तर आत पांढरा थर, नखानं निघेना. सॉफ्टनर होता, पण मिठाची टाकी रिकामी, विचारलं तर म्हणे मीठ संपलंय हे कुणाला माहितीच नव्हतं. खालची ओळ जाळाच्या सगळ्यात जवळ, तिथंच पहिल्यांदा होणार. नळी कापली, टोकं चिमटवून काढली, नवीन घातली, दोन्हीकडं रोल केली, हायड्रो घेतला, तिसऱ्या दिवशी चालू. बाकी ७ सेक्शनला हात नाही लावला.

हीटिंगसाठीचे कास्ट आयर्न सेक्शनल

सेक्शनल म्हटल्यावर परदेशात बरेच जण दुसरंच समजतात. थंड देशांत इमारत उबदार ठेवायला कास्ट आयर्नचे पोकळ सेक्शन पावाच्या स्लाइससारखे एकाला एक लावून, मधे निपल घालून, लांब बोल्टनं आवळतात. तळघराच्या दारातनं एकेक सेक्शन आत न्यायचा आणि तिथं जोडायचा. वाफेला तिकडं १५ पीएसआय म्हंजे साधारण १ किलोची मर्यादा असते, तो खरा वॉटर ट्यूब नव्हे. आपल्या फाउंड्रीवाल्यांना ओतायला अवघड नाही, कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) नीट बसवणं हीच काय ती परीक्षा. पण एक जपायचं, कास्ट आयर्न झटका सोसत नाही. पाणी संपून तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं की सेक्शनला तडा गेलाच म्हणून समजा.

सातवी पायरी : कायदा आणि फिटिंग

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा आलाय. क्षमता २५ लिटर आणि दाब १ किलो, ह्याच्या वर गेला की तो कायद्यात आला असं धरून चाला. आधी ड्रॉइंग मंजूर, मग मटेरियलचे दाखले, बनवताना तपासणी, हायड्रो (साधारण डिझाइनच्या दीडपट), बाष्पके संचालनालयाकडं नोंदणी, मग जाळ. चालवायला सर्टिफिकेटवाला अटेंडंट. वर्कशॉपच्या मागं गपचूप वेल्डिंग करून "ट्रायल घेऊ" असं कुणी म्हटलं तर तिथनं निघा.

दोन गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच), सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज (खाली वेटोळी नळी हवीच), फीड चेक, मेन स्टॉप, ब्लोडाऊन. ह्यातलं ग्लास मारायला, म्हंजे ते खरी पातळी दाखवतंय का तपासायला, पहिल्या दिवशी शिका : पाण्याचा कॉक बंद, खालचा ड्रेन उघडा, फक्त वाफ जोरात आली पाहिजे. मग वाफेचा बंद, पाण्याचा उघडा, पाणी आलं पाहिजे. मग ड्रेन बंद, वाफेचा उघडा, पातळी टुणकन वर येऊन हलत राहिली तर ग्लास खरं बोलतंय. सावकाश चढली नाहीतर एका जागी मेल्यासारखी थांबली, तर कुठंतरी चोंदलंय.

आठवी पायरी : पहिला जाळ

नवीन वीटकाम ओलं असतं, काही दिवस नुसता बारीक जाळ. नळ्यांतलं तेल काढायला सोड्याचं पाणी घालून उकळायचं, मग सगळं सोडून द्यायचं. ग्लासात पाणी निम्म्यापेक्षा थोडं खालीच ठेवा, तापल्यावर ते फुगून वर येतंय. ड्रमवरचा एअर कॉक उघडा, त्यातनं सलग वाफ आली की बंद. दाब हळूहळू. मेन व्हॉल्व्ह एकदम फिरवला तर लाइनमध्ये साठलेलं पाणी हातोड्यासारखं आदळतं, आधी ड्रेन उघडा, व्हॉल्व्ह पाव फेरा, थांबा, कान द्या.

आठ दिवस चालवला की एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण थंड करा, दाब शून्य, पाणी काढलेलं, आणि खालच्या ओळीची पुढची आठ हँडहोल उघडून बॅटरी मारून बघा. आत काळपट, गुळगुळीत दिसलं तर नवीन गॅस्केट घालून आवळा. पांढरं दिसलं तर बॉयलर राहू द्या तसाच, आधी सॉफ्टनरच्या टाकीत मीठ आहे का बघून या.